सेन्सरी रूम : महागडा संच की मुलाच्या हातातले बटण?

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. मार्च जवळ आला की व्हीलचेअर, काठ्या अशी साहित्यवाटपाची यादी निघते. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला त्यातले सहसा काही लागत नाही. त्याला हवी असते गोंगाटातून सुटका. जुन्नर तालुक्यातील राजुरीसारख्या गावाने शाळेची एखादी रिकामी खोली ‘सेन्सरी रूम’साठी द्यायची ठरवली, तर काय घ्यावे आणि ते कसे बसवावे?

सेन्सरी रूम म्हणजे काय?

प्रकाश, आवाज, स्पर्श, हालचाल हे सगळे सोसेल तसे कमी-जास्त करता येईल अशी खोली. १९७०च्या दशकात नेदरलँड्समधील बौद्धिक दिव्यांगांच्या ‘डी हार्टेनबर्ग’ संस्थेत यान हुल्सेगे आणि आद फेरहूल यांनी ही कल्पना रुजवली. नाव पडले ‘स्नूझेलेन’. हुंगणे आणि डुलकी काढणे या अर्थाच्या दोन डच शब्दांची ती जोड आहे.

गरज कशासाठी?

मिक्सरचा आवाज, लुकलुकणारी ट्यूबलाइट, यात्रेतला डीजे याचा आपल्याला त्रास होतो. स्वमग्न मुलाला ते असह्य होऊ शकते. मग ते कान झाकते, किंचाळते आणि लोक त्याला हट्टी ठरवतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये संवेदनांची ही अतितीव्रता निदानाच्या निकषांत घेतली. उलट प्रकारही त्यात आहे : काही मुलांना दाब, झोके, गरगर फिरणे जास्तच हवे असते. एकाला शांत करणारी वस्तू दुसऱ्याला बिथरवू शकते. तयार संचाची अडचण इथेच आहे.

उपयोग होतो का?

पुरावा मर्यादित आहे. वजनदार पांघरुणांवरील २०१४च्या ब्रिटिश अभ्यासात मुलांची झोप वाढली नाही; मुलांना आणि पालकांना ती आवडली मात्र. कार्डिफ विद्यापीठाने ४ ते १२ वर्षांच्या ४१ स्वमग्न मुलांवर केलेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास जास्त कामाचा आहे. उपकरणांचे नियंत्रण मुलांच्या हाती दिले तेव्हा त्यांचे लक्ष वाढले आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा : बटण मुलाला स्वतः दाबता येईल का? रिमोट बाईंच्या कपाटात राहणार असेल, तर ते उपकरण नकोच.

बसवताना काय पाहावे?

आधी खोलीतून त्रास काढा. पत्र्याखाली पाऊस ढोलासारखा वाजतो, त्यामुळे स्लॅबची खोली घ्या, तीही कल्याण-अहिल्यानगर महामार्गापासून आतली. जाड पडदे, फिकट एकरंगी भिंती आणि सतरंजी एवढ्यावरही बरेच काम होते.

एलईडी दिवा घेताना मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले, तर दिवा वीजप्रवाहाबरोबर लुकलुकतो आहे, दुसरा घ्या. डिस्को दिवे नकोतच. अनेक स्वमग्न मुलांना फिट्सचाही त्रास असतो आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारा प्रकाश काहींना घातक ठरतो.

बुडबुड्यांची उंच नळी फोटोत हलकी दिसते. गणित करा : १५ सेंटीमीटर व्यासाच्या, दीड मीटर उंच नळीत सुमारे २६ लिटर पाणी मावते, म्हणजे २६ किलो वजन. ती भिंतीला वरूनही पक्की बांधावी लागते, वीजजोडणीला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. पाणी वेळच्या वेळी बदलणार कोण, हेही आधीच ठरवा.

झोका पत्र्याच्या पाइपला टांगू नका. ६० अंशांपर्यंत नेलेला झोका खाली येताना हुकावर वजनाच्या दुप्पट भार येतो; ४० किलोच्या मुलासाठी ८० किलो. पांघरूण वजनदार असो की घरची गोधडी, मुलाला ते स्वतः बाजूला सारता आले पाहिजे. वीज गेल्यावर एकदम अंधार नको, म्हणून छोटा इन्व्हर्टर ठेवा. आणि दाराला बाहेरून कडी नको. शिक्षा म्हणून मूल आत कोंडले गेले, की त्या खोलीचा उपयोग संपला.

तज्ज्ञ कुठून आणायचा?

खरी टंचाई ही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्हा पातळीवर असते आणि पुणे इथून सुमारे १०० किलोमीटर. तरीही खरेदीच्या आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला एकदा गावात आणून प्रत्येक मुलाची पाहणी करून घ्यावी. नंतरच्या थेरपीच्या खर्चासाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. नावनोंदणीला दिव्यांग प्रमाणपत्र लागते, तेव्हा सुरुवात तिथून करा.