आईच्या अज्ञानाची सबब

लहान मुलांच्या कुपोषणाचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते : आईच अडाणी, मुलाला काय खाऊ घालावे हे तिला कळत नाही. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांच्या ओसरीवर हे उत्तर आजही चहाबरोबर मिळते. ते सोयीचे आहे यात शंका नाही. एकदा ते दिले की देणाऱ्याला पुढे काही करावे लागत नाही. परंतु ते खोटे आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे आणि त्याचा पुरावा महामारीने याच वस्तीत मांडून ठेवला आहे.

मध्यप्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपुरातच आढळले. पाच दिवसांनी सारा देश बंद झाला. बंगल्यांची फाटके लागली, धुणीभांडी करणाऱ्या बाया घरी बसल्या. काही घरांनी त्यांचा पगार चालू ठेवला, काहींनी तो बंद केला. आता आम्ही विचारतो : फेब्रुवारीत या मातांना जे ठाऊक होते, ते एप्रिलमध्ये त्या विसरल्या काय? बाळाच्या भातावर वरण घट्ट असावे, त्यात थोडे तूप असावे, हे सांगायला त्यांना कोणा पदवीधराची गरज नव्हती. ज्ञान होते तेवढेच राहिले. घटली ती मिळकत, आणि मिळकतीबरोबर घरातला शब्द.

हा शब्दच आम्हाला महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या पगारातून पावशेर दूध घेताना आईला कोणाला विचारावे लागत नाही; तो पगार थांबला की विचारावे लागते. नवराही बेकार होऊन घरी, परगावी गेलेला दीर परत आलेला, चूल तीच आणि ताटे वाढलेली. अशा घरात वाढण्याचा क्रम मात्र जुनाच राहतो : आधी पुरुष, मागाहून मुले, शेवटी भांड्याच्या बुडाशी उरेल ते बाईला, मग ती अंगावर पाजणारी असली तरी. कित्येक ठिकाणी आईला नुसता खोकला झाला म्हणून वडीलधाऱ्यांनी बाळाला तिच्यापासून दूर ठेवले. मुखपट्टी बांधून, हात धुऊन पाजत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. पण ते आईने मानून काय उपयोग? निर्णय तिचा नव्हता.

कोणी म्हणेल, सरकारने धान्य फुकट दिले होते. दिले होते, आणि त्यामुळे माणसे जगली. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकेवर माणशी दरमहा पाच किलो धान्य आणि कुटुंबाला मिळून एक किलो डाळ. सहा माणसांच्या घरात त्या डाळीचे दिवसाला माणशी साडेपाच ग्रॅम होतात. दीड वर्षाच्या मुलाचे पोट लहान. त्याला थोडे थोडे, पण कसदार अन्न दिवसातून अनेकदा लागते. नुसत्या पोळीने ते भरते, पोसत नाही. त्याच काळात पार्ले-जी बिस्किटांचा खप विक्रमी झाला. त्यांतली किती बिस्किटे चहात बुडवून एखाद्या बाळाच्या जेवणाच्या जागी गेली असतील, हे ज्याने त्याने ताडावे.

आता अंगणवाडी. तिथले गरम अन्न मूल तिथेच बसून खात असे. ते त्याच्याच पोटात जाई. ती बंद झाली आणि घरी कोरडा शिधा पोचू लागला. उपाशी घरात आलेला शिधा एकट्या मुलाचा कसा राहील? तो सर्वांचा झाला, आणि यात आईचा दोष काढणाऱ्याने आधी तसल्या घरात आठवडाभर राहून दाखवावे. देशात दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडू लागली. घरातला उरलासुरला पैसा कोणत्या वाटेने गेला, ते आईला विचारा. चित्रपटगृहांना १५ ऑक्टोबरपासून परवानगी मिळाली. अंगणवाड्या प्रतिबंधित क्षेत्रे सोडून ३१ जानेवारी २०२१ पर्यंत उघडा, असे सांगण्यासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. टाळेबंदीच्या वेळी सहा महिन्यांचे असलेले आणि नुकते वरणभात चाखू लागलेले मूल तोवर सोळा महिन्यांचे झाले होते.