म्हणे, फॉरमॅट मारा!

मंडळी, आजची नोंद जरा भांडकुदळ आहे. ज्यांच्याशी भांडायचंय त्यांतले दोघे-तिघे हा ब्लॉग वाचतात, घरचेच आहेत, म्हणून आधीच सांगते, मनात राग नाही. (थोडा आहे.)

माझा डेस्कटॉप दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ११ झेपण्याची या मशीनची ऐपत नाही, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. मराठी टायपिंगही बसवून दिलं. पण मधूनच पडदा जिथल्या तिथे थिजायचा. माउस हलेना, घड्याळाचा आकडा सरकेना, शेवटी बटण दाबून बंद करायचा. खरं तर विंडोजवरही हे अधूनमधून होत होतं. तेव्हा सगळे म्हणायचे, ‘मशीन जुनं झालं.’ आता तेच सगळे म्हणू लागले, ‘मावशी, लिनक्स म्हणजे हे असंच.’

दुरुस्तीवाल्या मुलाने तर मशीन उघडूनही पाहिलं नाही. ‘काकू, फॉरमॅट मारू, नव्यासारखं होईल.’ डेटा घेतो म्हणाला आणि घेतलाही, पण एकाच फोल्डरमधला. अक्काच्या आठवणींची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. अक्का सांगायची, मी टाइप करायची, अशी साठ पानं झाली होती. त्यातली अडतीस भाचीला पूर्वी मेलने पाठवली होती म्हणून वाचली. बाकीची गेली. बॅकअप ठेवला नाही ही चूक माझी, ती मी कबूल करते. पण अक्का आता चौऱ्याऐंशीची आहे आणि तीच गोष्ट पुन्हा विचारली की वेगळीच सांगते.

आणि एवढं करून पाचव्या दिवशी मशीन पुन्हा हँग!

मी छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. माझं भांडण इथेच आहे. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे, पुरावा जाळणं आहे. काय बिघडलं हे कळायच्या आत सगळं पुसून टाकायचं, आणि चार दिवस बरं चाललं की ‘बघा, झालं ना!’ अहो, जो बिघाड मुळात चार-चार दिवसांनी डोकं वर काढतो, तो चार दिवस दिसला नाही यात नवल ते काय?

लिनक्सवाली मंडळीही यातून सुटत नाहीत बरं. भाच्याच्या एका मित्राने फोनवरून एक ओळ सांगितली, सुरुवातीच्या आज्ञेत घालायला. ती इंटेलच्या ‘बे ट्रेल’ जातीच्या प्रोसेसरसाठीची, ते खरोखरच असे थिजत आणि त्या ओळीने सुधारत. पण माझा प्रोसेसर त्या जातीचा नाही! शेजारणीच्या रक्तदाबाची गोळी आपण घेतो का? (माझ्या घरात घेतात, तो विषय वेगळा.)

शेवटी एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय चालू होतं, एवढं लिहायला लागले. मग पाहायचं, कितपत थिजलंय. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? तो लागला तर आत अजून जीव आहे. नाही लागला तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून काळा पडदा येतो का? तो आला तर नुसतं वरचं चित्र अडकलंय, खालचं यंत्र चालू आहे. माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच होत नव्हतं. पुन्हा चालू केल्यावर जर्नलसीटीएल या आज्ञेने आधीच्या सत्राची नोंद काढली. मेमरी संपली असती तर बहुधा तसं लिहिलेलं सापडलं असतं. तसं काही नाही. नोंद नेहमीसारखी चाललेली आणि मध्येच तुटलेली, जणू लिहिणाऱ्याच्या हातातून लेखणी हिसकावली.

वहीत अकरा नोंदी झाल्या. कधी टाइप करताना, कधी भजन ऐकताना, एकदा तर मी स्वयंपाकघरात असताना. कशाचा कशाशी मेळ नाही. तेव्हा संशय रॅमवर गेला. मेमटेस्ट नावाचा एक कार्यक्रम आहे. तो मशीन सुरू होतानाच चालवतात, तेव्हा विंडोजही नसतं आणि लिनक्सही नसतं. रात्री लावून झोपले. सकाळी पाहते तर पडदाभर लाल ओळी!

म्हणजे जे आत नव्हतंच त्याच्यावर आळ घेतला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तरी मी घाई केली नाही. आत चार-चार जीबीच्या दोन स्टिक होत्या. मशीन बंद करून, वायर काढून, एक बाहेर काढली आणि पुन्हा रात्रभर तपासलं. स्वच्छ. मग त्याच खाचेत दुसरी बसवली. लाल! म्हणजे खाच चांगली, स्टिक खराब. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम बदलल्या असत्या तर दोष कुठे होता हे कधीच कळलं नसतं. या सगळ्याला एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन-तीन रात्री लागल्या. माझं वय त्र्याहत्तर आणि शिक्षण बी. ए., तेही मराठी माध्यमातून. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना एक रात्र निघत नाही?

आता चार जीबीवर चाललंय. थोडं हळू चालतं, पण नऊ आठवडे झाले, वहीत बारावी नोंद नाही.

खराब स्टिक औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. भाचा रविवारी येतोय, त्याच्या हातात देणार आहे. मग त्यालाच गाडी काढायला सांगून अक्काकडे जायचंय, एकोणचाळिसाव्या पानापासून.