विश्लेषण : जुन्या छोट्या विमानाला दिवे लावायचे, तर नियम आडवे का येतात?

बुलढाण्यात रात्री गच्चीवर उभे राहिले, की मुंबई-नागपूर मार्गावरची विमाने लाल, हिरवे, पांढरे दिवे मिचकावत जाताना दिसतात. विमान म्हटले की दिवे असणारच, हे आपण गृहीत धरतो. मात्र, भारतातील हवाई टपालसेवेची सुरुवात झाली तेव्हा अंधार पडला की विमान जमिनीवरच थांबत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. तिथून पुढचे टपाल घेऊन मद्रासकडे निघालेल्या नेव्हिल व्हिन्सेंट यांना रात्र बळ्ळारीत काढावी लागली. त्या काळातली काही छोटी विमाने जगभर आजही उडतात, भारतीय हवाई दलाकडेही एक आहे. अशा विमानाला आज विजेचे दिवे बसवायचे ठरवले, तर काम तारेचे कमी आणि कागदाचे जास्त होते. ते का?

जुन्या विमानात वीजच नसते म्हणजे काय?

मोटारीची बॅटरी उतरली की इंजिन सुरू होत नाही. जुन्या विमानाचे तसे नाही. त्याच्या इंजिनावर मॅग्नेटो असतो. इंजिन फिरू लागले की तो स्वतःच ठिणगीपुरती वीज तयार करतो. बाकी विमानात बॅटरी नाही, जनित्र नाही आणि स्टार्टरही नाही. बाहेर उभा असलेला माणूस हाताने पंख्याला झटका देतो आणि इंजिन धरते. १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालेले टायगर मॉथ असेच. भारतीय हवाई दलाने जुन्या विमानांच्या ताफ्यासाठी एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये हवाई दल दिनाला हिंडनवर उडवले.

आपल्याकडचे अस्सल उदाहरण मात्र ‘पुष्पक’चे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेले हे दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडाले. पंखांवर कापड चढवलेले, इंजिन ९० अश्वशक्तीचे, भरल्या विमानाचे वजन सहाशे किलोंच्या आसपास. देशभरातील फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर हात बसवला. पंखा हाताने फिरवायचा, दिवसा उडायचे आणि ऊन उतरायच्या आत परत यायचे, अशीच त्याची दिनचर्या होती.

आकाशातल्या दिव्यांचा नियम काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम भारतासह बहुतेक देश पाळतात. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात उडणाऱ्या विमानावर दोन प्रकारचे दिवे हवेत. पहिला प्रकार दिशा सांगणाऱ्या दिव्यांचा : डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. ही रीत जहाजांकडून आली. दुसरा, टक्कर टाळण्यासाठी मिचकणारा दिवा.

रंगांमागे साधा हिशेब आहे. समोरच्या विमानाचा फक्त लाल दिवा दिसला, तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे ते तुमच्या उजवीकडून डावीकडे चालले आहे. हिरवा दिसला तर उलट. नुसता पांढरा दिसला तर ते तुमच्यापासून दूर जात आहे. आणि तुमच्याच उंचीवर लाल, हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट तुमच्या अंगावर येत आहे. ही ओळख पटायला कोन अचूक लागतो. लाल आणि हिरवा दिवा नाकाच्या रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंतच दिसला पाहिजे, मागचा पांढरा उरलेल्या १४० अंशांत. तिन्हींची बेरीज ३६०. लाल दिव्याचा उजेड चुकून उजव्या बाजूला सांडला, तर समोरच्या वैमानिकाला चुकीची दिशा कळते. दिवा नसण्यापेक्षा हे घातक.

तेजाचाही आकडा ठरलेला आहे. अमेरिकी प्रमाणानुसार लाल आणि हिरवा दिवा समोरच्या बाजूला किमान ४० कँडेला, मागचा पांढरा किमान २० कँडेला. मिचकणाऱ्या दिव्याचे आताचे प्रमाण ४०० कँडेला आणि मिनिटाला ४० ते १०० वेळा मिचकणे. त्यामुळे बाजारातून आणलेली लाल-हिरवी एलईडी पट्टी कितीही लख्ख दिसली, तरी ती नियमाच्या भाषेत दिवा ठरत नाही. हवा तो प्रमाणित सुटा भाग, त्याच्या कागदासह.

बॅटरी ठेवून दोन तारा ओढल्या, तर बिघडते कुठे?

आपल्याकडे ट्रॅक्टरला चार जास्तीचे दिवे लावणे ही अर्ध्या तासाची गोष्ट. कापसाच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टरही नसतो, तो भाग वेगळा. खरे तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनातही मनमानी बदलाला बंदी आहे. पण ट्रॅक्टरची तार जळाली तर चालक उतरून उभा राहतो. विमानात उतरून उभे राहता येत नाही.

जुन्या विमानात ही जोखीम वाढते. पंखांचा सांगाडा कापडाने मढवलेला असतो आणि ते ताणण्यासाठी लावलेला जुन्या पद्धतीचा लेप अतिशय ज्वालाग्राही. त्या पोकळीतून तार न्यायची, तर ती दर वितीला बांधावी लागते. इंजिनाच्या थरथरीने तार लाकडावर किंवा लोखंडी नळीवर घासते, आवरण झिजते आणि ठिणगी पडते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी तार उघडी राहते. काम करताना कापडाला जिथे छेद द्यावा लागतो, तिथे ते पुन्हा ठराविक पद्धतीनेच बुजवावे लागते.

दुसरी भानगड होकायंत्राची. जुन्या विमानात दिशा कळण्याचे मुख्य साधन म्हणजे चुंबकीय होकायंत्र. त्याच्या शेजारून दिव्याच्या तारेत वीज वाहू लागली, की काटा सरकतो. म्हणून जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन नेतात. नंतर विमान मैदानात उभे करून निरनिराळ्या दिशांना वळवायचे, दिवे चालू आणि बंद ठेवून होकायंत्राची चूक मोजायची आणि तिचे कार्ड वैमानिकासमोर लावायचे. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते टाळण्याचा मोह होतो.

तिसरे वजन. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची छोटी बंद बॅटरी साधारण अडीच किलोंची असते. मोकळी जागा बहुधा आसनामागेच सापडते. सहाशे किलोंच्या विमानात गुरुत्वमध्याच्या दोन मीटर मागे ती ठेवली, तर गुरुत्वमध्य आठ मिलिमीटर मागे सरकतो. आकडा किरकोळ वाटेल. पण मागच्या आसनावर जाड प्रवासी आणि सामान असताना विमान आधीच मर्यादेच्या काठावर असेल, तर हे आठ मिलिमीटर शेपूट जड करतात आणि हळू वेगात विमान आवरणे कठीण होते. शिवाय बॅटरी नुसती पट्ट्याने बांधून भागत नाही. आदळले तर ती पुढे वैमानिकाच्या पाठीत येऊ नये, इतकी पेटी मजबूत हवी.

एलईडीमुळे मात्र गणित बरेच सोपे झाले. काचेच्या बल्बचे तीन दिशादर्शक दिवे मिळून सहा-सात अँपिअर खातात. वरची बॅटरी त्यावर तासभरही धड टिकणार नाही. तेच दिवे एलईडीचे असतील आणि सगळे मिळून दीड अँपिअर घेत असतील, तर कागदावर साडेचार तासांहून जास्त वेळ मिळतो. प्रत्यक्षात तीन तास धरावेत. तरीही जनित्र न बसवता एक पूर्ण उड्डाण निभावते, हा गेल्या काही वर्षांत पडलेला खरा फरक.

परवानगी कोण देते?

भारतात १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. बदलांची परवानगी मात्र पूर्वीप्रमाणेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आहे. प्रत्येक विमान एका मंजूर आराखड्यानुसार बनलेले असते आणि त्याची उड्डाणयोग्यता त्या आराखड्याशी बांधलेली असते. आराखड्यात नसलेला दिवा लावणे म्हणजे आराखड्यात बदल. तो बदल किरकोळ की मोठा, हे आधी ठरते. वजन, मजबुती, विश्वासार्हता, उडण्याचे गुण यांवर दखल घेण्याजोगा परिणाम होत नसेल तर किरकोळ. नाही तर मोठा. मोठा बदल मूळ आराखड्याचा मालक करू शकतो. इतर कोणाला करायचा असेल, तर पूरक प्रमाणपत्राचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

इथेच जुनी विमाने अडकतात. आराखडा ज्या कंपनीचा, ती कधीच दुसरीत विलीन झालेली असते किंवा तिने ते विमान बनवणे सोडून अनेक दशके लोटलेली असतात. मग नकाशे कोणाकडे मागायचे? ब्रिटनमध्ये टायगर मॉथच्या मालकांना निदान विचारायला दार आहे. डी हॅविलंडच्या जुन्या छोट्या विमानांच्या आराखड्यांची जबाबदारी तिथे एका स्वतंत्र कंपनीने घेतली आहे. आपल्याकडे अशी विमाने मोजकी, त्यामुळे ती वाट रुळलेलीच नाही.

मंजुरी मिळाल्यावर काम परवानाधारक देखभाल अभियंत्याने प्रमाणित करायचे, विमानाच्या नोंदवहीत लिहायचे, वजनाचा तक्ता आणि उपकरणांची यादी सुधारायची, वैमानिकाच्या पुस्तिकेत पुरवणी जोडायची. हवाई दलाचे टायगर मॉथ या चौकटीत येत नाही. लष्करी विमानांची व्यवस्था वेगळी असते.

अमेरिकेत जनित्र नको, बॅटरीच हवी, असे का म्हणतात?

ही नियमांतली मजेशीर गोष्ट आहे. अमेरिकेत पायपर कबसारखी वीज नसलेली हजारो विमाने आहेत. तिथल्या मोठ्या विमानतळांभोवतीच्या हवेत रडारला उत्तर देणारे ट्रान्सपाँडर यंत्र सक्तीचे आहे. मात्र जे विमान मुळात इंजिनावर चालणाऱ्या वीजयंत्रणेशिवाय प्रमाणित झाले आणि ज्यात नंतरही तशी यंत्रणा बसवली गेली नाही, त्याला त्यातल्या बऱ्याच भागात सूट आहे. इंजिनाला जनित्र जोडून ती यंत्रणा प्रमाणित करून घेतली, की सूट जाते. बॅटरी इंजिनावर चालत नाही, वाऱ्यावर फिरणारे छोटे जनित्रही नाही. म्हणून तिथले मालक चांगले जनित्र परवडत असूनही बॅटरी घरी नेऊन चार्ज करतात. सुरक्षेसाठी केलेला नियम माणसाला कमी विजेकडे ढकलतो, असा याचा अर्थ. सूट देताना ‘दिव्यांपुरती वीज’ वेगळी काढली असती तर बरे झाले असते.

दिवे लागले, म्हणजे रात्री उडता येईल?

नाही. ‘नाइट लँडिंग’ हा शब्द वऱ्हाडातल्या वाचकाला नवा नाही. बेलोरा आणि शिवणीच्या बातम्यांनी तो पाठ करून घेतला आहे. पण धावपट्टीवरचे दिवे, विमानावरचे दिवे आणि वैमानिकाची पात्रता या तीन वेगळ्या गोष्टी. भारतात नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांना अंधार पडल्यानंतर साधारणपणे मनाई आहे. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने मुभा दिलेली स्थानिक आणि फ्लाइंग क्लबांची प्रशिक्षण उड्डाणे एवढाच अपवाद. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांच्या उड्डाणात किमान पाच तास रात्रीचे आणि रात्रीची दहा उड्डाणे व दहा अवतरणे लागतात. धुळे, जळगाव, शिरपूर भागात शिकणाऱ्या मुलांना रात्रीचे हे तास पुरे करावेच लागतात. पण त्यासाठीची विमाने कारखान्यातूनच दिवे, जनित्र आणि उजळलेली उपकरणे घेऊन आलेली असतात. पुष्पकच्या पंखाला तीन दिवे लावल्याने त्यात क्षितिज दाखवणारे यंत्र येत नाही, आणि अमावास्येच्या रात्री क्षितिज दिसेनासे झाले की अनुभवी वैमानिकही वर-खाली विसरतो.

मग कशासाठी लावायचे?

दिवसा दिसण्यासाठी. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी पिवळसर कापडी विमान शंभर मीटरवर येईपर्यंत डोळ्यांत भरत नाही. मिचकणारा दिवा लांबून दिसतो. महाराष्ट्रात अशी विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे खरे. पण नियमांची ही चौकट फक्त जुन्यांची नाही. कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारणारे वैमानिक अमोल यादव यांना नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. विमान पूर्ण नवे आणि बनवणारा माणूस स्वतः वैमानिक असूनही मधे जवळपास दोन वर्षे गेली. कापडी पंखात तार ओढू पाहणाऱ्याने तेवढा धीर धरूनच अर्ज करावा.

अर्ज करण्याआधी बॅटरीचा हिशेब मात्र नीट करावा लागेल. आंतरराष्ट्रीय नियमानुसार टक्कर टाळणारा दिवा एकदा विमानावर बसला, की तो दिवसाही लावावाच लागतो. वैमानिकाच्या किंवा बाहेरच्या कोणाच्या डोळ्यांवर त्याची तिरीप येऊन दिसेनासे होत असेल, तरच तो बंद करण्याची किंवा मंद करण्याची मुभा आहे. म्हणजे बॅटरी संध्याकाळच्या अर्ध्या तासापुरती नव्हे, पंखा फिरल्यापासून थांबेपर्यंत पुरेल एवढी लागते.