रोपं मोजू नका, झरा सांभाळा

पाच जून आला की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर एक खड्डा, एक रोप आणि सात-आठ हात दिसतात. त्यात वाईट काहीच नाही. पण त्या खड्ड्यात जातं ते नर्सरीत सहज मिळणारं रोप. जी झाडं खरोखर संपत चालली आहेत, ती त्या फोटोत नसतातच. आणि स्पष्टच सांगते, नुसता खड्डा खणून ती वाचणारही नाहीत.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे बघा. तिथे जेमतेम अडीच हेक्टरची एक दलदल आहे. अभ्यासक तिला 'मायरिस्टिका स्वॅम्प' म्हणतात. म्हणजे काय, तर जायफळाच्या रानटी भाऊबंदांचं, पाण्याचिखलात उभं असलेलं जंगल. इथली 'मायरिस्टिका मॅग्निफिका' ही जात जगात फक्त पश्चिम घाटात सापडते आणि आययूसीएनच्या यादीत ती संकटग्रस्त आहे. राज्य सरकारने या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिलाय.

आता या झाडाचे नखरे ऐका. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून त्याची मुळं वाकवलेल्या गुडघ्यासारखी वर येऊन श्वास घेतात. बी सुकलं की मेलंच, त्यामुळे सीडबॉल करून फेकायची सोय नाही. बी लांब न्यायला धनेशासारखे मोठे पक्षी लागतात. त्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी. कोकणात कुणाकडे जायफळाची बाग असेल तर विचारा, ही डोकेदुखी त्यांना पाठ आहे. म्हणजे एक झाड वाचवायचं तर झरा, चिखल, पक्षी आणि शेजारचं जोडीदार झाड, एवढा सगळा संसार वाचवावा लागतो.

म्हणूनच प्रश्न फक्त त्या अडीच हेक्टरांचा नाही. वरच्या अंगाचा डोंगर उघडा झाला, झरा आटला किंवा गाळाने भरला, तर पाटी लावलेलं वारसा स्थळ जागच्या जागी वाळेल.

'मग कुंपण घाला आणि लोकांना लांब ठेवा,' असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. सरकारी दर्जा मिळण्याआधी ही जागा गावकऱ्यांनीच देवराई म्हणून राखली. वरच्या जमिनीत काजू-रबर लावून ज्याचं पोट चालतं, त्याला 'तू झाडं तोडू नकोस' असं फुकट सांगणं सोपं आहे. झऱ्याचं पाणलोट राखायचं असेल, तर त्याचा मोबदला त्याला मिळायला हवा. वनखात्यानेही 'किती रोपं लावली' हा आकडा मिरवण्यापेक्षा 'पाच वर्षांनी किती जगली, त्यात इथल्या दुर्मिळ जाती किती' हे सांगावं. 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. एवढ्या मोठ्या आकड्यात बांबर्डेसारख्या छोट्या जागा कुणाच्या लक्षात राहणार?

आणि आपण काय करायचं? जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. सुट्टीत गावी जाल तेव्हा ती बघायला मागा. दुर्मिळ झाडांची नावं त्यात आहेत का ते तपासा. नसतील, तर आजी-आजोबांना, गुराख्यांना विचारून समितीला लिहायला लावा. कागदावर नसलेलं झाड तोडलं गेलं, तर ते होतं हे तरी कोण सांगणार?