तंबूचे भाडे

तंबू म्हणजे गरिबाचा डाकबंगला, अशी आमची भाबडी समजूत होती. पवनेच्या जलाशयाकाठी ती पार धुऊन निघाली. तंबू आधीच उभा, गादी अंथरलेली, कर्णा कोकलतो आहे आणि भाडे माणशी! चौघांच्या कुटुंबाने हिशेब मांडावा आणि मुकाट्याने घरी बसावे.

यावर उत्तर ठरलेले : गावकऱ्यांना त्यातून रोजगार मिळतो. मिळो बापडा! पण पोरांना हवे असते ते आभाळ, ओढ्याचे पाणी आणि रात्री उशिरापर्यंत जागण्याची मुभा. यांतले काय विकत घ्यावे लागते? आपण पैसे मोजतो ते घरचाच थाट रानात मांडण्याचे.

राजमाची पाहा. लोणावळ्याहून सुमारे 15 किलोमीटरांची वाट. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी. तिथे गावकऱ्यांच्या घरी पिठले-भाकरी मिळते, पाठ टेकायला जागा मिळते. पैसा थेट चुलीपाशी पोचतो. लोणावळ्यापर्यंतच्या एस.टी.त बायकांना 2023 पासून अर्धेच तिकीट. मग अडते कुठे?

अडते सोयीपाशी. गडाखालच्या गावोगावी ग्रामपंचायतीने एक सपाट माळ, एक नळ आणि दोन स्वच्छ संडास एवढेच राखावे. आपला तंबू आपण आणणाऱ्याकडून माफक आकार घ्यावा. कर्णा नको, कचरा नको.

सह्याद्री कोणी भाडेकराराने बांधलेला नाही. त्याच्या कुशीत एक रात्र काढण्याचा हक्क पगार पाहून का ठरावा?