परीक्षानळी : सोंड तिसऱ्यांदा पडली तेव्हा



गणपती झाले, उरलेले मोदक फ्रीझरमध्ये गेले, आणि आता वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे. सभेपुढे पाच विषय आहेत. त्यातले चार आम्हांला कधीच कळलेले नाहीत (हिशेबतपासनीस नेमणे वगैरे). पाचवा मात्र आमच्या जिव्हाळ्याचा आहे : शनिवारचा मातीकामाचा वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की बंद करायचा?

ज्यांनी चर्चच्या तळघराची पायरी अजून उतरलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. गेल्या वर्षी पेणहून मागवलेली आपली मूर्ती पोचली ती सोंड वेगळी, बाप्पा वेगळे अशी. "तुम्ही केमिस्ट ना?" म्हणून रात्री साडेदहाला आम्हांला बोलावणे आले. आमची डॉक्टरेट पॉलिमरमधली, त्यामुळे इपॉक्सी लावण्याचा अधिकार आमच्याकडे आपोआप आला. सोंड बसली, थोडी डावीकडे झुकली, पण आरतीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात आले नाही.

यंदा गुढीपाडव्याच्या पॉटलकमध्ये हा किस्सा आम्ही रंगवून सांगत होतो. शेजारी एका सभासदांचे वडील बसले होते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो डॉक्टर, चिकटवत कशाला बसता? नवीन करू की!" तेव्हापासून ते आमचे सर झाले. मे ते ऑगस्ट, बारा शनिवार, त्यांनी वर्ग घेतला.

पहिला प्रश्न मातीचा. "शाडू कुठून आणणार?" या विषयावर कार्यकारिणीची एक पूर्ण बैठक खर्ची पडली. वास्तविक महाराष्ट्रात वापरली जाणारी शाडूसुद्धा बरीचशी गुजरातेतून येते. आणि आपण राहतो ओहायोत, जिथल्या झेन्सव्हिल गावाला कुंभारकामामुळे 'मातीचे शहर' असेच नाव पडले होते. मडकी करणाऱ्यांच्या दुकानात पंचवीस पौंडांची पिशवी सहज मिळते. सरांनी चिमूटभर माती बोटांत चोळली, जिभेला लावली (आम्ही सुरक्षा-नियमांचा उच्चार केला, त्यांनी तो ऐकला नाही) आणि म्हणाले, "चालेल. माती ती माती."

पहिल्या दिवशी आम्ही अकरा मोठे आणि नऊ मुले होतो. मोठ्यांमध्ये दोन डॉक्टर, चार इंजिनियर, एक बँकेतले, आणि सगळ्यांचे हात तितकेच अडाणी. सोंड लावायची आणि दहा मिनिटांत ती खाली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा आम्ही कारण सांगितले : मातीचे कण म्हणजे सूक्ष्म चकत्या, त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, पाणी उडाले की चकत्या जवळ येतात आणि माती आकसते. अंग अर्धवट सुकलेले, सोंड ओलीकच्च, म्हणजे आकसण्याचे प्रमाण वेगळे, सांधा सुटणारच. सर्वांनी माना डोलावल्या. सोंड तिसऱ्यांदा पडली. मग सरांनी दोन्ही बाजूंना ओरखडे काढले, मध्ये चिखल लावला, अंगठ्याने दाबून मनात पन्नास मोजले आणि वर ओला फडका ठेवला. ती सोंड विसर्जनापर्यंत टिकली. आमचे स्पष्टीकरण बरोबर होते, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

आता थोडे खासगी. आमच्या पिढीतल्या किती जणांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या? आम्ही एलिमेंटरी दिली. स्मरणचित्र, संकल्पचित्र, रंगाच्या पाण्याने भिजलेली बाही, सगळे आठवते. इंटरमिजिएटचा फॉर्म घरी आणला आणि तो दप्तरातच राहिला, कारण दहावी जवळ आली होती. कोणी रागावले नाही, कोणी मनाई केली नाही. नुसते सगळ्यांना ठाऊक होते की आता ते बंद. त्यानंतर कागदावर आम्ही जे काढले ते बेंझिनचे षट्कोन. हे लिहिण्याचे कारण असे, की सहाव्या शनिवारी सरांचे चिरंजीव प्रथमच वर्गाला आले. एरवी ते वडिलांना दारात सोडून परत जात. (त्यांना विचारूनच हे लिहितो आहोत.) ते सरांसमोर बसले, एक कान करायला घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "बाबा, माझा फॉर्म तुम्हीच भरू दिला नव्हता." तळघरात एकदम शांतता. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चित्रकलेवर घर चालवताना काय होतं ते मला माहीत होतं रे." आणि मुलाचा अंगठा धरून कानाची पाळी वळवली. मंडळाच्या मूर्तीचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा का आहे, असे बऱ्याच जणांनी विचारले. डावा कान तो.

खजिनदार म्हणतात की बारा शनिवारांचे भाडे, माती आणि हत्यारे यांच्या खर्चात पेणची दोन फुटी, सुबक मूर्ती आली असती आणि वर चार पैसे उरले असते. हिशेब बरोबर आहे, आम्ही दोनदा तपासला. आमच्या बाजूने कोणी विज्ञानाचा हवाला देईल. २०१६ साली ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ प्रौढांना पाऊण तास माती, कागद, रंग देऊन लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत ते उतरले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पाऊण तास नुसते स्वस्थ बसूनही ते उतरले असते की काय, सांगता येत नाही. तेव्हा आम्ही कॉर्टिसॉलवर मत मागत नाही. आम्ही मागतो ते एवढ्यासाठी, की कार्यक्रमाला आपण रांगेने खुर्च्यांवर बसतो, टाळ्या वाजवतो, जेवतो आणि गाडीत बसतो. पंधरा वर्षे एकमेकांना 'काय, कसं काय?' एवढेच विचारलेली माणसे त्या तळघरात एकमेकांच्या मूर्तीला आधार देत उभी होती. हात चिखलाने भरलेले असले की फोनही उचलता येत नाही, आणि मुले आपल्या आईबापांना काही एक न येताना पाहतात. आमच्या चिरंजीवांना ते दृश्य फार आवडले.

विसर्जनाची गंमत सांगायलाच हवी. प्लॅस्टरचा गणपती पाण्यात विरघळत नाही याचे कारण साधे आहे : त्याचे झालेले जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. किलोभराच्या मूर्तीला चारशे लिटर तरी हवे. माती विरघळत नाही, ती सुटी होते. मुलांचे छोटे, खडखडीत वाळलेले गणपती टबात ठेवताच बुडबुडे सोडत दहा मिनिटांत बसले. मंडळाची मोठी मूर्ती मात्र आतून ओलसर राहिली होती, ती सकाळपर्यंत तशीच. कोरड्या मातीत पाणी झपाट्याने शिरते आणि आतली हवा बाहेर ढकलून तिला फोडते. ओल्या मातीत शिरायला जागाच नसते. बारावीतल्या एका मुलीने हे पाहून विचारले, "मग नेक्स्ट इयर जूनमध्ये स्टार्ट करायचं का, काका?" ही मुलगी पहिले तीन शनिवार कानात तारा घालून कोपऱ्यात बसली होती, आई आणून सोडते म्हणून.

सर ऑक्टोबरात परत गेले. जाताना आपली बांबूची कोरणी त्यांनी तिच्या हातात दिली. डोळ्यांची आखणी तिला अजून जमत नाही, ती सरांनीच केली होती. पण पाया, बैठक, हात, सोंड ती शिकवू शकेल. मराठी तिचे मोडके आहे, तरी "काका, पाणी कमी!" हे ती अगदी सरांच्या ठसक्यात म्हणते. वर्ग बंद झाला तर पुढच्या वर्षी ती कॉलेजात निघून जाईल आणि कोरणी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडेल. खजिनदारांच्या तक्त्यात याचा रकाना नाही, हा त्यांचा दोष नव्हे.

विसर्जनाची माती आमच्या गराजमध्ये दोन बादल्यांत आहे. ती पुन्हा वापरता येते. वरचे पाणी काढून चिखल प्लॅस्टरच्या लादीवर पसरायचा, लादी पाणी शोषून घेते. (ज्याला आत्ताच नावे ठेवली तेच प्लॅस्टर.)

सभा नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी दोन वाजता, नेहमीच्या जागी. एक बादली आम्ही घेऊन येणार आहोत. मतदानाआधी ज्यांना हात घालून पाहायचा असेल त्यांनी अंगठ्या घरी काढून ठेवाव्यात, आणि येताना जुनी वर्तमानपत्रे आणावीत. चर्चच्या फरशीवर डाग पडल्यास अनामत रक्कम परत मिळत नाही.