अठराव्या महिन्यात फाईल बंद होते, बाळाचं बोलणं तेव्हाच सुरू होतं

बेळगाव : एचआयव्हीसह जगणाऱ्या आईच्या बाळाची शेवटची तपासणी साधारण १८व्या महिन्यात होते. अहवाल निगेटिव्ह आला की आईच्या जिवात जीव येतो, समुपदेशकाच्याही येतो. दीड वर्षाची धाकधूक संपते. आणि त्याच दिवशी सरकारी दप्तरात त्या बाळाचं खातं बंद होतं. संसर्ग नाही, म्हणजे काम झालं.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर येणं वसूल झालं आणि खातं मिटवलं. पण दीड वर्षाचं मूल शब्दाला शब्द जोडण्याच्या उंबरठ्यावर असतं. हाक मारली तर वळतं का, बोट दाखवून मागतं का, साधं सांगितलेलं समजतं का, हे बघण्याचे हेच दिवस. नेमक्या याच दिवसांत या मुलांकडे मुद्दाम बघणारं कोणी उरत नाही. आपल्या सीमाभागात तर ही गळती आणखी आधी सुरू होते, कारण आईची नोंद एका राज्यात असते आणि बाळ जन्मतं दुसऱ्या राज्यात.

आधी जमेची बाजू

बेळगाव, बागलकोट, विजयपूर आणि पलीकडे सांगली, कोल्हापूर, सोलापूर हा पट्टा एकेकाळी देशातल्या जास्त संसर्गाच्या पट्ट्यांत मोजला जायचा. आजही एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संख्येत महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्यं देशात पहिल्या तिनात आहेत.

तरीही गेल्या वीस-बावीस वर्षांत झालेलं काम छोटं नाही. आईवर काहीच उपचार नसतील तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईने गोळ्या नियमित घेतल्या आणि बाळाला वेळेवर औषध मिळालं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. आपल्याकडे २००२ मध्ये प्रसूतीच्या वेळी नेव्हिरापिनचा एकच डोस देण्यापासून सुरुवात झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या मोफत मिळू लागल्या, २००६ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र उपचार आले आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार देण्याचं धोरण लागू झालं. आईकडून बाळाला होणारा संसर्ग संपवणं हे २०२१ ते २०२६ या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याचं एक मुख्य उद्दिष्ट आहे.

या यशाचीच एक बाजू फारशी बोलली जात नाही. २००० सालाच्या आसपास संसर्ग घेऊनच जन्मलेल्या ज्या मुली औषधांमुळे जगल्या, त्या आता पंचविशीच्या आसपास आहेत. काहींनी आईबाप लवकर गमावले, काही आजीकडे, मामाकडे किंवा वसतिगृहात वाढल्या. आज त्यांच्यातल्या कित्येक जणी स्वतः आई होत आहेत.

त्यांच्याबरोबर दुसरा गट आहे, लग्नानंतर संसर्ग झालेल्या मुलींचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातल्या महाराष्ट्रातील २१.९ टक्के आणि कर्नाटकातील २१.३ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. म्हणजे पाचातली एक. अशा मुलीला गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासणीतच आपला आजार कळतो. वय अठरा-एकोणीस, पोटात पहिलं बाळ, हातात हा अहवाल, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. नवऱ्याची तपासणी व्हायच्या आधी दोष तिच्यावर येतो.

संसर्ग नाही, मग काळजी कशाची?

हा प्रश्न रास्त आहे. एचआयव्ही झालेल्या आईच्या पोटी जन्मून स्वतः संसर्गमुक्त राहिलेली मुलं जगात दीड कोटीच्या वर आहेत. त्यांतली बहुतेक इतर मुलांसारखीच वाढतात, हे आधी ठासून सांगायला हवं. पण काहींच्या वाटेत जास्तीचे खड्डे असतात. या मुलांत दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचं आणि जन्मतः वजन कमी असण्याचं प्रमाण जास्त आढळतं.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या पार्ल भागात ड्राकेनस्टाईन नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. त्यात आईला एचआयव्ही असलेली पण स्वतः संसर्गमुक्त असलेली मुलं आणि त्याच वस्तीतली इतर मुलं यांची तुलना झाली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहाव्या महिन्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. दोन वर्षांच्या वयात मात्र बोललेलं समजणं आणि स्वतः बोलणं या दोन्हींत मागे पडण्याची शक्यता पहिल्या गटात सुमारे दुप्पट दिसली. सहा महिन्यांत न दिसलेली गोष्ट दोन वर्षांत दिसते आणि आपली फाईल दीड वर्षाला बंद होते, हा या बातमीचा गाभा आहे.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. गरोदरपणात आईच्या शरीराची आजाराशी चाललेली झुंज, कमी वजन, गरिबी, आईचं कमी वय, तिचं मन खचणं. खचलेली आई बाळाला दूध पाजते, न्हाऊ घालते, पण त्याच्याशी बोलत नाही. आणि बाळाची भाषा तर बोलण्यानेच वाढते. त्याच देशातल्या ईस्टर्न केप प्रांतात एक हजाराहून अधिक किशोरवयीन माता आणि त्यांच्या मुलांचा वेगळा अभ्यास होतो आहे, तो याच कारणाने. तिथे आईचं कोवळं वय आणि आजार यांचा एकत्र विचार होतो. आपल्याकडे एआरटी केंद्र आजार बघतं, अंगणवाडी वजन बघते, आणि आईचं वय फक्त रकान्यात भरलं जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे वाचून कुणी गोळ्यांना दोष देऊन त्या बंद करू नयेत. गोळ्या थांबल्या तर आईचा जीव आणि बाळाचा संसर्ग, दोन्हींचा धोका वाढतो. बाळाच्या वाढीसाठी पहिली अट आई धडधाकट असणं हीच आहे.

माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या

आता सीमेकडे येऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. समजा, मुलगी अथणी तालुक्यातली आणि दिली जत तालुक्यात. अंतर तासाभराचं. पण तिची एआरटीची नोंद महाराष्ट्रात, कारण सासर तिकडे. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी येते. गरोदरपणाचं एक कार्ड मराठीत असतं, इकडे आल्यावर दुसरं ‘तायी कार्ड’ कन्नडमध्ये मिळतं. खानापूर किंवा निपाणीकडे मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला ते नीट वाचता येत नाही. उलट बाजूला जत भागातल्या कानडी घरातल्या मुलीची मराठी कार्डापुढे तीच अवस्था.

बाळ जन्मलं की घड्याळ सुरू होतं. पहिले किमान सहा आठवडे रोज औषधी सिरप. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी. साधी रक्ततपासणी या वयात उपयोगाची नसते, कारण आईच्या शरीरातली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून थेट विषाणू शोधावा लागतो. पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा तपासणी, आणि शेवटची १८व्या महिन्यात किंवा अंगावरचं दूध सुटल्यानंतर ठरावीक काळाने.

हे वेळापत्रक आपल्या घरच्या वेळापत्रकावर आपटतं. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही आणि पहिली तपासणी नेमकी तेव्हाच येते. तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात तिची सासरी पाठवणी होते, म्हणजे पहिली तपासणी एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्या राज्यात. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या एड्स नियंत्रण संस्था वेगळ्या, आशा सेविका वेगळ्या, अंगणवाड्या वेगळ्या. इकडे ‘सासरी गेली’ अशी नोंद होते, तिकडे ‘माहेरी आहे’ अशी. दोन्ही नोंदी खऱ्या असतात आणि बाळ दोघांच्याही हातून निसटतं. चंदगड-बेळगाव, कागल-निपाणी, दोडामार्ग आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, जिथे जिथे लोक सीमा ओलांडून दवाखाना गाठतात तिथे ही गाठ बसू शकते.

घरातल्या आजीची बाळगुटीही इथे आडवी येते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाणी, मध, गुटी काही नाही, हा नियम या बाळांसाठी जास्तच महत्त्वाचा आहे. वरचं आणि अंगावरचं मिसळून दिल्याने संसर्गाचा धोका वाढतो. पण सहाणेवर गुटी उगाळत बसलेल्या आजीला किंवा सासूला नको का म्हणायचं, हे आजार लपवून असलेल्या सुनेला सांगता येत नाही.

गुपित राखून बघायचं कसं?

‘या मुलांची वेगळी यादी करा’ असं म्हणणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला त्यात बंदी आहे आणि भेदभावालाही मनाई आहे. गावात यादी फिरली तर बाळाची वाढ सोडा, आईचं राहणंच मुश्कील होईल.

मार्ग दुसरा आहे आणि त्याची यंत्रणा आजच उभी आहे. आशा सेविकेने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात प्रत्येक बाळाला घरी भेट द्यायची, ही योजना २०१८ पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ चा. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. कमी वजन, वेळेआधी जन्म, आईचं वय कमी, या कारणांनी कुठलंही बाळ जास्त लक्षात ठेवता येतं. आजाराचं नाव घ्यायची गरजच पडत नाही.

एआरटी केंद्रात तर गुपिताचा प्रश्नच नाही. आई गोळ्या न्यायला येतेच. समुपदेशकाने चार प्रश्न विचारायचे: मान धरतं का, बसतं का, हाकेला वळतं का, किती शब्द बोलतं. हे १८व्या महिन्यावर न थांबता तिसऱ्या वाढदिवसापर्यंत चालू ठेवायचं. शंका आली की शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी द्यायची, तिच्यावर ‘बोलण्यात उशीर’ एवढंच लिहायचं. नवी इमारत नको, नवी योजना नको. रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा लागेल.

दोन राज्यांचं काय? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कोल्हापुरात दोन्ही राज्यांचे राज्यपाल आणि सीमेवरच्या जिल्ह्यांचे अधिकारी एका टेबलाला बसले होते. तसं टेबल पुन्हा मांडलं जाईल तेव्हा पाण्याच्या आणि रस्त्याच्या विषयांखाली ही एक ओळ लिहिता येईल: माहेरी जाणाऱ्या आईची माहिती, तिच्या संमतीने, पलीकडच्या केंद्राला आधी कळवावी आणि बाळाची पहिली तपासणी दीड महिन्याच्या लसीबरोबर तिथेच उरकावी. लसीला बाळ बाहेर काढलं जातंच.

घरच्यांसाठीही एक शब्द. सीमाभागात एक समजूत पक्की आहे, ‘घरात मराठी, गल्लीत कन्नड, म्हणून पोरगं उशिरा बोलतंय.’ दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडत नाही. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या. आणि बाळाशी बोला. युगांडात बाधित मातांना बाळाशी बोलायला, खेळायला शिकवणारे प्रयोग झाले, त्याचा फायदा मुलांत दिसला. आपल्याकडे तर चिऊ-काऊचा घास आहे, अंगाई आहे, तेल लावताना केलेली बडबड आहे. हे सगळं फुकट आहे. फक्त ते करायला आईच्या मनाला थोडी उसंत लागते, आणि ती घरच्यांनीच द्यायची असते.

१ डिसेंबरला दोन्हीकडे प्रभातफेऱ्या निघतील, लाल फिती लागतील, आकडे वाचले जातील. किती बाळं निगेटिव्ह आली हे अधिकारी अभिमानाने सांगतील, आणि तो अभिमान खराच आहे. तेव्हा कुणीतरी उभं राहून पुढचा प्रश्न विचारायला हवा: साहेब, त्यातली किती बोलायला लागली?